शेवटच्या तासानंतर

प्रिय मित्रा,

काल संख्याशास्त्राचा कोर्स संपला. पेपर तपासायचे बाकी आहेत, पण वर्ग संपला. फोनवर तू म्हणालास, "सुटलास एकदाचा!" सुटलोच आहे रे. रात्री जागून तयारी नको, घसा बसलेला असताना बोलणं नको. तरी मन कशात लागत नाही, म्हणून लिहायला बसलो.

शेवटच्या तासाला मी जॉन स्नोचा नकाशा घेतला होता. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली. या डॉक्टरने कुठल्या घरात किती माणसं गेली ते नकाशावर काळ्या रेघांनी मांडलं, आणि रेघा पाण्याच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. एवढं सांगून झालं, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. हजेरीपलीकडे तिचा आवाज वर्गात कुणी ऐकला नव्हता. सरळ नकाशापाशी आली, पंपाजवळच्या एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, इथली माणसं का नाही गेली?"

तिथे बिअरचा कारखाना होता. स्नोनेही नेमका त्याचा छडा लावला होता. कामगारांना कारखान्यातच बिअर मिळायची, आवारात वेगळी विहीरही होती. पंपाच्या पाण्याशी त्यांचा संबंधच नव्हता. मी लगेच सांगितलं नाही. भरपूर वाद घालून वर्गच 'ते दुसरं काहीतरी पीत असणार' इथवर आला. तास संपल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अरे, मला हेच हवं होतं! प्रमाण विचलन काढायची रीत पुस्तकातही सापडते. जिथे रेघ नाही तिथे बघायची नजर यायला मात्र अख्खं सत्र जातं, आणि ती आली की निरोपाची वेळ. पुढच्या खेपेला नवे चेहरे, पुन्हा सरासरीपासून सुरुवात. याचा खरंच त्रास होतो.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणाचे स्वतःवरचे प्रयोग छापले: पाठ केलेलं तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटतं. पण त्याने पाठ केली होती ती निरर्थक अक्षरं. त्या मुलीला पडलेला प्रश्न तिचा स्वतःचा होता. तो इतक्या सहज जायचा नाही, असं मला मनापासून वाटतं.

जाताना तिने विचारलं, "पुढे काय वाचू?" पेपर बाजूला ठेवून आज तीच यादी करतोय. साथरोगांवरची, फार गणित नसलेली पुस्तकं तुझ्या वाचनात असतील तर नावं लगेच कळव. निकालाच्या दिवशी ती पुन्हा भेटेल.

तुझा,
मास्तर