आजीच्या डबीतला रफलर आणि मशीनवाले काका

मशीनवाले काका,
सा. न. वि. वि.

"दुकानाचं नाव कुठे टाकू नका ताई, आधीच कामं साठलीत," असं तुम्ही बजावलंत म्हणून ते लिहीत नाही. पेठेतल्या त्या बोळात ज्यांनी कधी मशीन दुरुस्तीला टाकलंय ते ओळखतीलच.

त्या शनिवारी आजीच्या शिलाई मशीनच्या सुट्या पायांची (कापड दाबून धरणाऱ्या जोडांची) पत्र्याची डबी घेऊन मी तुमच्याकडे आले, ती घरी तीन सुया मोडून. भाच्याच्या बारशाला पाळण्याची झालर आजीच्याच मशीनवर करायची, असा माझा हट्ट होता. त्याआधी एका मोठ्या दुकानात डबी उघडताच "हे भंगारात द्या, नवा सेट घ्या" असा सल्ला मिळाला होता. तुम्ही सगळे तुकडे वर्तमानपत्रावर ओतलेत आणि विचारलंत, "मशीन कुठलं?"

मी म्हटलं, "काळं."

तुम्ही हसला नाहीत, हे तुमचं पहिलं उपकार. "सगळी काळीच असतात. घरी जाऊन उजवीकडे, चाकाच्या बाजूला, खाली कोरलेला नंबर लिहून आणा." आणला. 'वाय' अक्षराने सुरू होणारा. म्हणजे सिंगरचा स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा कारखाना, साल साधारण १९२० ते १९३५ च्या मधलं. मॉडेल १५के, आणि त्यातला 'के' किलबोवीचा, म्हणजे त्याच कारखान्याचा. तो कारखाना १९८० साली बंद झाला. आमचं मशीन अजून चालतंय, फक्त पट्टा दोनदा बदललाय.

तुकड्यांवर 'सिमॅन्को' असं कोरलेलं होतं. मला ती कुठलीतरी इटालियन कंपनी वाटली होती. 'सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी'चंच ते आखूड रूप, हे तुमच्याकडून कळलं. त्याशेजारचे आकडे म्हणजे त्या तुकड्याची ओळख. ३५९३१ दिसला की तो रुंदी कमी-जास्त करता येणारा हेमर, म्हणजे कापडाची कड दुमडणारा पाय. भिंगाखाली तो आकडा मलाच वाचायला लावलात.

पाय मशीनला बसेल की नाही, हे तर पट्टीनेच कळतं. पायाच्या तळापासून तो मशीनच्या दांड्याला आवळणाऱ्या स्क्रूच्या मधल्या बिंदूपर्यंत साधारण अर्धा इंच भरला तर आखूड दांडा, एक इंच भरला तर उंच दांडा. आमचं आखूड दांड्याचं. डबीतला एक पाय काही केल्या बसत नव्हता, कारण तो उंच दांड्याचा निघाला. त्याच्यावर मी पूर्ण एक दुपार घालवली होती, हे तेव्हा सांगायची लाज वाटली.

मग तो रफलर, म्हणजे कापडाला चुण्या घालणारा पाय. माझ्या तीन सुयांचा खुनी. तो तुम्ही बसवून दिला नाहीत. तुमच्याच मशीनवर, गिऱ्हाईक मागे उभं असताना, मला चार वेळा काढायला आणि लावायला लावलंत. आधी त्याच्या सांध्यांत मशीनचं तेल सोडून जुन्या टूथब्रशने घासलंत. त्यातून गुलाबी धाग्याचा गुंता निघाला. (आई म्हणते, आमच्या घरात कुणाचाच गुलाबी फ्रॉक नव्हता.) रफलरच्या बाजूच्या दांडीचं बेचकं सुई आवळायच्या स्क्रूवर बसलंच पाहिजे. सुई खालीवर झाली की बेचकं हलतं आणि निळसर पोलादाचं पातं कापडाची चिमूट सुईखाली ढकलतं. कापड घालायचं ते त्या दोन निळ्या पात्यांच्या मध्ये. मी ते दोन्हींच्या खाली घालत होते. शिवाय पाय नीट आवळलेलाच नव्हता, म्हणून सुई भोकात न जाता पत्र्यावर आपटायची. "पायाने मशीन चालवायच्या आधी चाक हाताने एक फेरा फिरवा," हे वाक्य मी आता मशीनच्या खणात चिकटवलंय.

वरच्या खाचांवरचे १, ६, १२ हे आकडे मला चुण्यांच्या मापाचे वाटत होते. पण १ म्हणजे प्रत्येक टाक्याला चुणी, ६ म्हणजे सहा टाक्यांनी, १२ म्हणजे बारा टाक्यांनी. चांदणीवर ठेवलं तर चुणी नाहीच, साधी शिलाई. चुणी किती खोल, ते बाजूचा स्क्रू ठरवतो. टाका बारीक केला की चुण्या दाट येतात.

सगळ्यात उपयोगी पडलं ते तुमचं हातभर पट्टीचं गणित. मी विचारलं, दुप्पट कापड घेऊ की अडीचपट? तुम्ही म्हणालात, त्याच कापडाची एक हात पट्टी मोजून घाला, किती उरते ते बघा आणि त्या हिशोबाने कापा. माझी सोळा इंचांची पट्टी सात इंचांवर आली. दुप्पट धरून कापलं असतं तर पाळण्याची एक बाजू उघडीच राहिली असती.

आणखी एक गोष्ट तुम्ही जाता जाता बोललात. बारीक हेमरचं वळसेदार तोंड बोटाने चाचपून म्हणालात, "हा पाय खूप चाललाय, आतून गुळगुळीत झालाय. टकर मात्र कोराच आहे." आजी शेजारपाजारच्यांचे हातरुमाल शिवायची, एवढं मला आईकडून माहीत होतं. पण हेमरचं निकल झिजेपर्यंत शिवायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. टक घालण्याची हौस तिला कधी परवडली नसावी.

तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त सुयांच्या दोन पाकिटांचे.

झालर झाली. एका कोपऱ्यात चुण्या विरळ आल्यात, तिथे मी टेडी बांधला. उंच दांड्याचा तो पाय तुमच्याकडेच ठेवलाय, कुणा गिऱ्हाइकाला लागला तर द्या. मात्र आमच्या डबीत उरेब पट्टीचा गोट लावायचा बाइंडर नाही. माझा संशय असा की आजीने तो कुणा मैत्रिणीला उसना दिला आणि बदल्यात हा न बसणारा पाय घरी आला. तेव्हा कुणाच्या डबीत आखूड दांड्याचा, कामाला न येणारा बाइंडर निघाला, तर तो काकांच्या दुकानात ठेवा. बहुतेक आमचाच असेल.

आपली,
काळ्या मशीनवाली