तक्रार: पोलीस बॉक्सचं न उघडणारं दार, चुकलेली उंची आणि बुधवारचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व उत्पादन विभाग

डर्बी, १३ फेब्रुवारी

मराठीत लिहितो आहे, कारण ऑर्डर घेताना आपण स्वतः माझ्याशी मराठीत बोलला होता आणि बुधवारी ज्या मुलाने फोन उचलला तोही मराठीच बोलत होता. आता भाषेमुळे काही समजलं नाही, असं तुमच्यापैकी कुणाला म्हणता येणार नाही.

जूनमध्ये मी तुमच्याकडून पूर्ण आकाराच्या पोलीस बॉक्सचा, म्हणजे लंडनच्या रस्त्यांवरच्या जुन्या, टेलिफोन असलेल्या चौकीवजा पेटीचा, जोडायचा संच मागवला. ३,८५० पौंड, सगळे आगाऊ, क्रेडिट कार्डावर. बागेतल्या शेडचं प्रवेशद्वार म्हणून तो उभा करायचा होता. मागची भिंत नाही, तिथून थेट शेडमध्ये जायचं. नकाशा तुमच्या माणसाने केला आणि मी तो मिलिमीटरसकट तपासून सही केली. त्या नकाशात तीन गोष्टी मी लाल पेनाने अधोरेखित केल्या होत्या. दाराच्या दोन्ही झडपा उघडल्या पाहिजेत. दिव्याच्या टोकापर्यंतची उंची २.४५ मीटरच्या वर जाता कामा नये. प्लायवूड मरीन ग्रेडचंच, म्हणजे ओलाव्यात थर न सुटणारं हवं. या तिन्हींतली एकही गोष्ट आलेल्या संचात नाही.

डावी झडप उघडत नाही. ती झडपच नाही, चौकटीला स्क्रूने आवळलेला पत्रा म्हणावा तसा पॅनेल आहे. बाहेरून खिडकी आहे, टेलिफोनची छोटी झडप आहे, वर पाटी आहे, पण बिजागरी एकही नाही. नकाशात मोकळी जागा १,०५० मिमी लिहिली आहे आणि प्रत्यक्षात ५३० मिमी मिळते. माझी ढकलगाडी ६४० मिमी रुंद आहे. तुम्ही बागेच्या शेडसाठी दारं विकता, तेव्हा ढकलगाडी किती रुंद असते हे मी तुम्हाला सांगायची गरज नसावी.

हे मी ४ सप्टेंबरला, माल आल्यावर सातव्या दिवशी, फोटोंसह कळवलं. उत्तर आलं, 'तांत्रिक टीमकडे पाठवलं आहे.' त्यानंतर ऑक्टोबरमध्ये दोनदा, नोव्हेंबरमध्ये एकदा आणि जानेवारीत दोनदा फोन केला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी मी पहिल्यापासून सांगायचं, आणि दर वेळी शेवटी तीच तांत्रिक टीम. त्या टीममधल्या एकाही माणसाने आजवर मला फोन केलेला नाही.

आता उंची. माझी शेड कुंपणापासून १.२ मीटरवर आहे, हे ऑर्डरच्या पहिल्याच पानावर आहे. इंग्लंडमध्ये घराच्या हद्दीपासून दोन मीटरच्या आत बांधलेल्या शेडला, परवानगी न घेता, अडीच मीटरपेक्षा जास्त उंची चालत नाही. तुम्ही रोज शेड विकता, हा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा आधी माहीत असणार. म्हणूनच मी २.४५ मागितलं आणि तुमच्या माणसाने 'पाच सेंटीमीटर हातात राहतील' असं म्हणून मान्य केलं. उभा केल्यावर टेप लावला, तर दिवा सोडून नुसतं छतच २.५८ मीटर भरलं. दिव्यासकट २.७९. पलीकडच्या बाई चांगल्या आहेत, वीस वर्षांची ओळख आहे, पण त्यांनी कुंपणावरून मान वर करून बघितलं आणि 'हे एवढं उंच होणार होतं का?' असं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. उद्या त्यांनी किंवा आणखी कुणी कौन्सिलला कळवलं, तर नोटीस माझ्या नावाने येणार आहे, तुमच्या नावाने नाही.

जानेवारीतल्या तुमच्या प्रतिनिधीने सुचवलं की खालून तेरा सेंटीमीटर कापून टाका. ज्याने हा बॉक्स एकदा नीट बघितला आहे, तो असं सुचवणार नाही. खालची पायरी, त्यावरचे पॅनेलचे तीन थर, मग खिडकी, मग पाटी, मग पायऱ्या-पायऱ्यांचं छत, या सगळ्याचं एकमेकांशी ठरलेलं माप आहे. खालचा थर कापला की बॉक्स जमिनीत रुतल्यासारखा दिसतो.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या गावापासून थोड्या अंतरावर क्रिचला ट्रामचं संग्रहालय आहे, तिथे लंडनच्या पोलिसांचा जुना, खरा बॉक्स जपून ठेवलेला आहे. ऑर्डर देण्याआधी मी तिथे तीनदा गेलो. वही घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो, चारही बाजूंनी चित्रं काढली. लोकांना वाटतं की ही 'डॉक्टर हू' या टीव्हीच्या मालिकेसाठी कुणीतरी कल्पनेने रंगवलेली पेटी आहे; त्या मालिकेत ती बाहेरून लहान आणि आतून मोठी असते. ती मालिका १९६३ ची. बॉक्स त्याच्या कितीतरी आधीचा. लंडन पोलिसांचे वास्तुरचनाकार गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी १९२९ च्या सुमारास त्याची रचना केली. भिंती काँक्रीटच्या, दार सागवानी. १९५३ साली लंडनच्या रस्त्यांवर असे ६८५ बॉक्स होते. आत एक स्टूल, एक टेबल, झाडू-फडकी, आग विझवायचं नळकांडं आणि विजेची छोटी शेगडी. गस्तीवरचा शिपाई आत बसून अहवाल लिहायचा, डबा खायचा. ठाण्यावरून त्याला बोलवायचं असेल, तर छतावरचा दिवा लागायचा. आणि रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला ती छोटी झडप ओढून फुकट फोन करता यायचा. बॉक्सवर लिहिलेली 'ओढून उघडा' ही सूचना त्या झडपेसाठी होती, मोठ्या दारासाठी नव्हे.

माझे वडील कोल्हापुरात हवालदार होते. त्यांच्या चौकीत मी लहानपणी शाळेतून आल्यावर बसायचो. लाकडी स्टूल, भिंतीवर काळा फोन, कोपऱ्यात पाण्याचा माठ. फोन वाजला की ते डबा अर्धा टाकून उठायचे. बत्तीस वर्षं मी इथे इंजिनाचे भाग तपासायचं काम केलं, निवृत्त झालो, आणि क्रिचला तो बॉक्स बघितला तेव्हा पहिल्यांदा मला ती चौकी आठवली. म्हणून हा हट्ट. म्हणून पाट्यांची अक्षरं, खिडकीच्या सहा काचा, छताच्या पायऱ्या, सगळं जसंच्या तसं हवं होतं. ऑर्डरच्या वेळी हे सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही म्हणाला होता, 'काका, तुमच्यासारखा ग्राहक मिळणं आमचं भाग्य आहे.' ते वाक्य माझ्या लक्षात आहे.

तिसरी गोष्ट लाकूड. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूचं खालचं पॅनेल फुगलं. कडेला नखाने दाबलं तर पापुद्रा सुटून आला, आणि मधला थर ओल्या पुठ्ठ्यासारखा हाताला लागला. मरीन प्लायचे थर असे सुटत नाहीत, तेही एका हिवाळ्यात, तेही दोन हात रंग दिल्यावर. कापलेल्या कडा मी स्वतः प्रायमरने भरल्या होत्या, त्याचे फोटो तारखेसकट आहेत. सुटलेला तुकडा मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आहे. त्यात मधल्या थरात पोकळी आहे, करंगळीचं टोक जाईल एवढी. छताच्या पायऱ्यांना उतार दिलेला नाही, त्यामुळे पाणी तिथेच साचतं आणि पाटीच्या मागून आत उतरतं. पाटीच्या खालच्या कडेला पाणी तुटायला साधी खाचही नाही. दिव्यात पाणी जाऊन तो नाताळच्या आधीच बंद पडला.

आता बुधवारचा फोन.

सकाळी सव्वादहाला लावला. सत्तेचाळीस मिनिटं थांबलो. मग एक मुलगा आला. मी ऑर्डरचा नंबर सांगितला, नाव सांगितलं. तो म्हणाला, 'हां काका, बोला.' मी पहिल्यापासून सगळं सांगितलं: डावी झडप, ५३० मिमी, ढकलगाडी. तो म्हणाला, 'ढकलगाडी तिरकी करून नाही का जात?' मी म्हटलं, भरलेली ढकलगाडी तिरकी केली तर माती बाहेर पडते. तो म्हणाला, 'मग रिकामी करून न्या.' मी गप्प राहिलो. मग मी म्हटलं, माझ्या हातात तुमचा सही केलेला नकाशा आहे, त्यावर १,०५० लिहिलं आहे, तुमच्यासमोर तो आहे का? तो म्हणाला, 'नकाशा मला दिसत नाही, पण प्रॉडक्ट माहितीये.' मी विचारलं, मग सांगा, त्या प्रॉडक्टची डावी झडप उघडते की नाही? थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो हसला. हसला, आणि म्हणाला, 'काका, ती पेटी आतून मोठी असते ना! एकदा आत शिरलात की सगळं मावेल.'

मागे आणखी कुणीतरी हसलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

मी एकसष्ट वर्षांचा आहे. माझी बायको शेजारी उभी होती, फोन स्पीकरवर होता. तिच्या मिरच्यांच्या आणि मेथीच्या कुंड्या, मातीच्या पिशव्या, सगळं पाच महिने ताडपत्रीखाली बाहेर पडलं आहे, कारण शेडमध्ये जायला रस्ता नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई ओल्या गवतातून पिशव्या ओढते आहे. आणि तुमचा माणूस मला टीव्हीतला विनोद ऐकवतो. मी त्याला म्हटलं, तुमच्या वरिष्ठांना द्या. तो म्हणाला, 'ते मीटिंगमध्ये आहेत, मी तुमची केस क्लोज करून नवीन ओपन करतो, म्हणजे लवकर होईल.' मी केस बंद करू नका म्हणेपर्यंत त्याने ती बंद केली. फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत मला ईमेल आला: 'तुमची तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?'

कुणाचं समाधान झालं? डावी झडप अजून उघडत नाही. पाच महिने झाले आणि ती झडप अजून उघडत नाही.

तुमच्याकडून काय हवं आहे ते लिहितो. दोन बिजागऱ्यांवर उघडणारी डावी झडप, चौकटीसकट, मोकळी जागा १,०५० मिमी. छतासह पूर्ण उंची नकाशाप्रमाणे, आणि ती प्रमाण न बिघडवता, म्हणजे नव्याने कापलेले सर्व भाग. सगळी पॅनेलं खऱ्या मरीन प्लायची, त्यावर ग्रेडचा शिक्का दिसला पाहिजे. जुने भाग काढून नवे बसवायला तुमची माणसं येतील, मी आणि माझा जावई पुन्हा दोन शनिवार-रविवार त्यात घालणार नाही. हे जमत नसेल तर संच घेऊन जा आणि ३,८५० पौंड परत करा. काँक्रीटचा पाया आम्ही आमच्या हाताने ओतला, त्याचे पैसे मागत नाही.

२०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं. तसा नव्हता हे सिद्ध करायचं काम तुमचं. माल २९ ऑगस्टला आला. म्हणजे सहा महिने अजून पुरे झालेले नाहीत, आणि झडपेची तक्रार तर पहिल्या आठवड्यातलीच आहे. पैसे क्रेडिट कार्डावर दिले आहेत, त्यामुळे १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही तुमच्याइतकीच जबाबदार आहे. तिचा फॉर्म मी काल भरून ठेवला आहे. दहा हजार पौंडांपर्यंतच्या दाव्याला इथे वकील लागत नाही, हेही मला माहीत आहे. २७ फेब्रुवारीपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर फॉर्म जाईल आणि दावाही दाखल होईल.

मला हे करायचं नाही. आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तुमच्या मांडणीवर मीच चार जणांना घेऊन आलो होतो. आपल्या माणसाने इथे येऊन सुतारकामाची कंपनी काढली याचं मला मनापासून कौतुक होतं. त्या चौघांपैकी दोघांनी तुमच्याकडे ऑर्डर द्यायचं ठरवलं आहे आणि बॉक्स बघायला ते पुढच्या रविवारी आमच्याकडे येणार आहेत. मी त्यांना खोटं सांगणार नाही. दार दाखवीन, टेप हातात देईन.

उत्तर लेखीच पाठवा. फोन करायचाच असेल, तर ज्याच्यासमोर माझा सही केलेला नकाशा उघडा आहे त्यानेच करावा. बुधवारच्या त्या मुलाने नको.

सोबत: सही केलेला नकाशा, टेप लावलेले अकरा फोटो, सर्व फोनच्या तारखा. प्लायचा तुकडा माझ्याकडे आहे, मागितलात तर टपालाने पाठवीन.

आपला,
ग्राहक, डर्बी