हीरोवरचा आळ, रेवतीवरचा संशय

संपादक महोदय,

जुन्या नाटकांवर बेतलेल्या किशोर कादंबऱ्या म्हणजे मुलांना अभिजात साहित्य चावून भरवणे, असा सूर आपल्या रविवार पुरवणीतील लेखात होता. इतके सरसकट म्हणणे मला पटत नाही. लिली अँडरसन यांची ‘द ओन्ली थिंग वर्स दॅन मी इज यू’ (२०१६) ही अमेरिकन कादंबरी घ्या. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ची गोष्ट त्यांनी अतिहुशार मुलांच्या शाळेत नेली आहे. नाटक घडते ते शहर मेसिना, आणि शाळेचे नावही मेसिनाच! नाटकात सतत एकमेकांना टोमणे मारणाऱ्या जोडीपैकी बिअट्रिसची झाली ट्रिक्सी, बेनेडिकचा झाला बेन, आणि दोघांच्या जुन्या हाडवैरात आता चुरस कशाची, तर वर्गातल्या तिसऱ्या नंबराची.

अशा जोडीची शाब्दिक जुगलबंदी जमवणे तसे सोपे. खरी कसोटी नाटकाच्या चौथ्या अंकात लागते. भर लग्नात नवरदेव क्लॉडिओ आपल्या वधूच्या, म्हणजे बिअट्रिसची चुलत बहीण हीरो हिच्या, चारित्र्यावर आळ घेतो. पुरावा एवढाच, की रात्री तिच्या खिडकीपाशी कुणीतरी बाई दिसली. ती हीरो नव्हतीच. तिचा बाप लिओनाटोसुद्धा शहानिशा न करता ‘मेलीस तर बरे’ म्हणून मोकळा होतो. त्यानंतर बिअट्रिस बेनेडिककडे प्रेमाखातर एकच गोष्ट मागते : क्लॉडिओला मार. या वाक्यावर हशा पिकला तर प्रयोग फसला, असे माझे मत.

कादंबरीत ट्रिक्सीच्या जिवलग मैत्रिणीवर आळ येतो तो परीक्षेतल्या लबाडीचा, आणि तिला शाळेतून काढले जाते. बदल चलाख आहे. जिथे मुलांची पत नंबरावर ठरते तिथे अब्रूही त्यावरच जाणार. दहावी-बारावीचे मूल असलेल्या घराला हे समजावून सांगायला नको. पण याच चलाखीत पळवाटही आहे. परीक्षेतल्या आरोपाची चौकशी होऊ शकते, कागद तपासता येतात. चारित्र्यावरचा डाग असा धुतला जात नाही. म्हणून तर नाटकात हीरोला मेल्याचे सोंग घ्यावे लागते, आणि एवढे होऊन शेवटी लग्न त्याच क्लॉडिओशी! आज त्या खिडकीच्या जागी मोबाइलवर फिरणारा फोटो आला असता. शाळकरी मुलींना ती भीती चांगलीच ठाऊक आहे. लेखिकेने नेमकी तीच बाजूला ठेवली. आपल्या लेखकाने टीका करायची तर इथे करायला हवी होती.

मराठीत हा प्रयोग कुणी करणार असेल तर गो. ब. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ आहेच. तेही मोलिएरकडून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे आपल्याकडे आले. पण त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव परका आहे असे कुणाला वाटले का? एका तसबिरीचे निमित्त होते आणि नवरा-बायको एकमेकांवर, आणि अश्विनशेट आपल्या प्रेयसीवर, रेवतीवर, संशय घेऊ लागतो. तसबिरीऐवजी फॉरवर्ड झालेला फोटो ठेवला की गोष्ट कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये खुशाल घडू शकते. फक्त रेवती नायकिणीची मुलगी आहे, ही अडचण सोयीस्करपणे गाळून तिला एखाद्या डॉक्टरांची कन्या करू नये. अश्विनशेटच्या संशयाला धार येते ती तिच्या जन्मामुळेच.

– एक वाचक, सांगली