पिंजरा रंगवला म्हणून गाडी सुरक्षित होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हौशी रेसिंगवर आलेला लेख वाचला. आपल्याकडची पोरं रॅली आणि ऑटोक्रॉसकडे (मैदानात शंकूसारखे कोन मांडून घेतलेली वेळेची शर्यत) वळताहेत, त्यावर कुणी पानभर लिहितं, याचा आनंदच आहे. पण सोबतच्या फोटोत एका कोऱ्या हॅचबॅकमध्ये लालभडक रोल केज (गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून आत बसवतात तो पोलादी पाईपांचा पिंजरा), मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची आणि खाली ओळ: ‘रोजच्या वापरातली, तरीही रेससाठी सज्ज’. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशनचा धंदा करतो आणि स्पर्धेच्या गाड्यांचे केज बनवतो. तो फोटो मोबाईलवर दाखवत ‘अस्संच पाहिजे’ म्हणणारे दुकानात यायला लागलेत, म्हणून हे पत्र.

केज असतो तो हेल्मेट घातलेल्या आणि सहा पट्ट्यांनी बकेट सीटला (अंगाला घट्ट धरणारी रेसिंगची खुर्ची) आवळून बांधलेल्या माणसासाठी. ऑफिसला निघालेल्या माणसाचं डोकं उघडं असतं आणि कंपनीचा बेल्ट त्याला पुढे-बाजूला हलायला जागा ठेवतो. बाजूनं धडक बसली की ते उघडं डोकं जाणार कुठे? कानाजवळून गेलेल्या पोलादी पाईपवर. ‘पण त्याला फोम लावलाय की’, असं उत्तर मिळतं. स्पर्धेच्या केजवरचा तो कडक फोम हेल्मेटच्या टकरीसाठी असतो, कवटीसाठी नाही. नव्या गाड्यांत छताच्या कडेनं पडद्यासारखी एअरबॅग दडवलेली असते, तिच्या वाटेत हा पाईप आडवा येतो ते वेगळंच. मागच्या खुर्चीतल्या मुलाबद्दल तर बोलायलाच नको.

हे झालं चांगल्या केजचं. बाजारात जे बसवलं जातं ते बघितलं तर झोप उडेल. मध्यंतरी एकजण बाहेरगावी बनवून घेतलेला केज ‘जरा टाईट करून द्या’ म्हणून माझ्याकडे घेऊन आला. रंग झकास. ए-पिलरच्या (पुढच्या काचेशेजारचा खांब) वरच्या जोडाशी बोट घातलं तर पाईपच्या खालच्या अंगाला वेल्डिंग, आणि छताकडच्या अंगाला पुट्टी! छत आणि पाईप यांच्या फटीत वेल्डिंगची टॉर्च जात नाही, म्हणून कारागिरानं दिसेल तेवढं वेल्ड करून बाकीचं पुट्टीनं भरलं आणि वरून रंग मारला. नियम सांगतो, वेल्ड पाईपच्या पूर्ण घेरानं हवं. त्यासाठी फ्लोअरला भोकं पाडून आख्खा केज खाली सोडावा लागतो, वरचे जोड पुरे करायचे, मग केज वर उचलून खाली प्लेटा मारायच्या. यात दिवस जातात, आणि गिऱ्हाईक तर शनिवारी स्पर्धा आहे म्हणून गुरुवारी गाडी लावतं.

त्याच गाडीतल्या केजचे पाय थेट फ्लोअरच्या पत्र्यावर, साध्या वायसरांवर बसवलेले होते. तो पत्रा एक मिलीमीटरसुद्धा जाड नसतो. गाडी उलटली की पाय पत्रा फाडून खाली जाणार आणि केज माणसाच्या अंगावर येणार. एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) नियमावलीत मुख्य कमानीच्या (पुढच्या सीटमागची उभी कमान) प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट सांगितली आहे. पाय बोल्टचा असेल तर प्रत्येकी किमान तीन बोल्ट, एम ८, ८.८ ग्रेडचे. मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा अडीच मिमी जाड किंवा ५० मिमीचा दोन मिमी जाड पाईप, सीमलेस (बिनशिवणीचा), कोल्ड ड्रॉन (थंड अवस्थेत ओढून काढलेला). आमच्याकडे गेट-ग्रिलला वापरतात तो शिवणीचा पाईप किंवा पाण्याचा जीआय पाईप यात बसत नाही. पाईपचा बाक थंड अवस्थेतच काढायचा, त्याची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाळू भरून गॅसनं तापवून वाकवलेला पाईप शामियान्याला ठीक आहे.

हार्नेसची, म्हणजे रेसिंगच्या बेल्टची, कथा निराळी नाही. चार पट्ट्यांचा हार्नेस कंपनीच्या सीटवर लावतात. मांड्यांमधली पट्टी नसल्यामुळे धडकेत माणूस खाली घसरतो आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. खांद्याच्या पट्ट्या सीटमागे फ्लोअरला आवळल्या तर धडकेत त्या खांदे खाली दाबतात आणि सगळा भार मणक्यावर येतो. मागे जाताना त्यांचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको. लेबलवर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं, ते वाचायची पद्धत मात्र नाही. ऑनलाईन स्वस्तात मिळाला एवढं पुरतं.

फायर एक्स्टिंग्विशर प्लास्टिकच्या टायनं बांधलेला मी स्वतः पाहिलाय. भरलेला सिलिंडर सहज तीन किलोचा. त्याची बैठक २५ जीचा, म्हणजे वजनाच्या पंचवीस पट, झटका सोसणारी हवी, म्हणजे त्या क्षणी तो पंचाहत्तर किलोंनी ओढ घेणार. टाय काय धरणार? आणि किल स्विच (अपघातात सगळी वीज आणि इंजिन एकदम बंद करणारं बटण): नुसती बॅटरी तोडली तर चालू इंजिन अल्टरनेटरवर चालूच राहू शकतं. स्विच दाबून इंजिन बंद पडतं का, हे फिटिंग करणाऱ्यानं एकदा तरी बघावं.

आता सरकारबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावरच्या हौसेला हा कायदा योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण रॅलीत दोन स्टेजमधलं (वेळ मोजतात ते बंद रस्त्याचे टप्पे) अंतर सार्वजनिक रस्त्यानंच, नंबरप्लेट लावून आणि सिग्नल पाळत कापायचं असतं. केजशिवाय गाडी स्टेजवर घेत नाहीत आणि केजसकट ती रस्त्यावर बेकायदा ठरते. मग लोक आठ बोल्टमध्ये निघणारा दिखाऊ केज मागतात, पोलीस दिसले की काढायला सोपा. सीएनजी किटची नोंद आरसीवर होते, दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीची होते. मग एफएमएससीआयच्या (भारतातली मोटरस्पोर्टची संघटना) तपासनिसानं पास केलेली, फक्त स्पर्धेसाठी ठेवलेली गाडी तशी नोंदवायची सोय का नसावी? कायदा केंद्राचा आहे, पण राज्याच्या परिवहन आयुक्तांनी प्रस्ताव तरी पाठवावा. आणि आयोजकांनी तपासणीत स्टिकर बघण्याऐवजी कार्पेट उचलून पायाखालच्या प्लेटा बघाव्यात.

ज्यांना मोकळ्या मैदानावर कोनांभोवती ऑटोक्रॉस करायचं आहे, त्यांनी गाडीला हातच लावू नये. चांगलं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, कंपनीचा बेल्ट नीट ओढून. डिकीतला जॅक, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या, मॅट बाहेर काढा. टायर आणि ब्रेक ऑइल बघून घ्या. नेहमीच्या खासगी गाडीच्या विम्यात संघटित शर्यत वगळलेली असते, तेवढं पॉलिसीत वाचा. रॅलीच करायची असेल तर जुनी गाडी घ्या, ती रिकामी करा, ट्रेलरवरून न्या. माझ्याकडे केज करायला येणाऱ्याला मी आधी विचारतो, घरी दुसरी गाडी आहे का? नसेल तर काम घेत नाही.

आपला,
एक फॅब्रिकेटर,
उद्यमनगर, कोल्हापूर