बाळाचं फुफ्फुस 'कोलॅप्स' म्हणजे नक्की काय झालं, ते तरी लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

मी ऐरोलीला मेडिकल कोडिंग करते, म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट वाचून आजाराला आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला, कोड लावायचा, नऊ वर्षं झाली तरी घरच्यांना अजून वाटतं मी प्रोग्रॅमिंग करते. मार्चमध्ये ताईची डिलिव्हरी ठाण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये झाली. नाव नाही घेत, बाळाला त्यांनीच वाचवलंय, पण कागदाचा जो घोळ घातला त्याबद्दल लिहायचंय.

बाळ पूर्ण दिवसांचं, वजन छान, पण दोन-तीन तासांत कण्हायला लागलं, श्वास भराभर, नाकपुड्या फुलतायत. डॉक्टरांनी एनआयसीयूतले, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतले, लाइट बंद करायला लावले आणि छातीला बारकासा टॉर्च टेकवला तर उजवी बाजू कंदिलासारखी लाल उजळली. जिजू काचेतून बघत होते, ते अजून सांगताना गप्प होतात. झालं असं की पहिल्या श्वासांना बाळाला फार जोर लावावा लागतो, त्यात फुफ्फुसातल्या काही पिशव्या उघडतच नाहीत, शेजारच्या जास्त फुगून फुटतात, मग हवा फुफ्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत शिरते आणि फुफ्फुस दाबून टाकते. न्यूमोथोरॅक्स. ती हवा काढायला छातीत नळी घातली, चौथ्या दिवशी काढली, बाळ ठणठणीत घरी आलं.

आणि डिस्चार्ज कार्डावर काय? 'राइट लंग कोलॅप्स, आयसीडी डन.' बस एवढंच.

आता इथे आयसीडी म्हणजे इंटरकॉस्टल ड्रेन, छातीतली नळी. इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलाला वाटलं कोड टाकून झालाय! टीपीएने, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीने, कोड मागितला तेव्हा त्याने लिस्टमध्ये 'कोलॅप्स' शोधलं, जे ९८.१ मिळाला, दिला ठोकून. जे ९८.१ म्हणजे अॅटिलेक्टॅसिस, हवा न भरल्यामुळे मिटलेलं फुफ्फुस, आणि त्याच्याच खाली स्पष्ट लिहिलंय की नवजात बाळाचं असेल तर इथे नाही, पी २८.० किंवा पी २८.१ बघा. आमच्या बाळाला तर तेही नव्हतं, त्याचा कोड पी २५.१. एकात हवा आत पोचलीच नाही, दुसऱ्यात ती बाहेर सांडली, बोलताना दोन्हीला आपण कोलॅप्सच म्हणतो. पण नुसत्या मिटलेल्या फुफ्फुसाला कोणी नळी घालत नाही, त्यामुळे टीपीएने विचारलं की नळीची गरज काय होती. चिडचिड झाली, पण खरं सांगू का, त्यांच्या समोर जो कागद होता त्यावरून प्रश्न रास्तच होता.

नुसतं न्यूमोथोरॅक्स शोधून मोठ्यांचा जे ९३ लावला असता तरी चूकच, त्यातूनही नवजात बाळं वगळलेली आहेत. अमेरिकेच्या नियमात पी वाल्या कोडांसाठी जन्माआधीपासून जन्मानंतरच्या २८व्या दिवसापर्यंतचा काळ धरतात आणि हे कोड आईच्या फाइलवर कधीच जात नाहीत, ट्रेनिंगमध्ये हेच पहिलं डोक्यात बसवतात. डॉक्टरने नुसतं 'कोलॅप्स्ड लंग' लिहिलं तर मी समोर एक्स-रे रिपोर्ट असला तरी स्वतः ठरवू शकत नाही, डॉक्टरला क्वेरी पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. इथे मात्र बावीस वर्षांचा एक पोरगा, समोर पंधरा नातेवाईक, फोन वाजतोय, आणि कोडिंग कोणी शिकवलेलं नाही. त्याला काय बोलणार!

मी नाइट शिफ्ट संपवून ऐरोलीहून लोकल पकडून तशीच ठाण्याला गेले, डॉक्टरांना भेटले, त्यांनी उभ्या उभ्या कार्डावर पेनने न्यूमोथोरॅक्स, उजवी बाजू, चेस्ट ट्यूब, असं लिहून सही-शिक्का दिला. दोन मिनिटं लागली. या दोन मिनिटांसाठी जिजूंचे ८६ हजार सात आठवडे अडकले, क्रेडिट कार्डाचं व्याज गेलं ते वेगळंच.

ठाण्यातल्या बालरोगतज्ज्ञांना एवढंच सांगणं आहे की कार्डावर हवा बाहेर गेली की फुफ्फुस उघडलंच नाही, कुठली बाजू आणि कशामुळे, हे लिहीत जा, आणि आयसीडी वगैरे लिहायचंच असेल तर तो शब्द कृपया पूर्ण लिहा.

– एक मेडिकल कोडर, ऐरोली