पंखे गेले, हुक राहिले

महोदय,
गेल्या महिन्यात डोंबिवलीत रीसेलचा फ्लॅट घेतला. पाहायला गेलो तेव्हा चार पंखे, गिझर, स्वयंपाकघरातली चिमणी सगळे जागेवर होते. ताबा मिळाला त्या दिवशी छताला नुसते हुक! बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांड्याही काढून नेलेल्या. फोन केला तर विकणारे म्हणाले, ‘काका, साठेखतात (खरेदीआधीच्या करारात) कुठे लिहिलंय?’ दलाली खिशात पडल्यावर एजंटही ‘तुमचं तुम्ही बघा’वर आला. (आमची चाळीतली खोली विकताना आम्ही देव्हाऱ्याची फळीसुद्धा ठेवून आलो होतो.)

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ८ सांगते की, वेगळे ठरले नसेल तर घराबरोबर कुलपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी असलेल्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात. पण चार स्क्रूंवर टांगलेला गिझर कायमचा की तात्पुरता, हे ठरवायला कोर्टाची पायरी कोण चढणार? वकिलांनी साठेखताच्या मसुद्यातच वस्तूंच्या यादीचा रकाना ठेवावा. टोकन देण्याआधी खोलीवार फोटो मी काढले असते, तर निदान भांडता आले असते.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)