परांचीआडचं पार्थेनॉन

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

तुझे अथेन्सचे फोटो मिळाले. ‘एवढ्या लांब आले आणि सगळीकडे परांची न् क्रेन’ ही तुझी कुरकुर आईने मला मोठ्याने वाचून दाखवली. पण जन्मभर इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेणाऱ्या माणसाला विचारशील, तर तिकिटाचे पैसे त्या परांचीपाशीच वसूल होतात.

इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजांनी अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरची देवळं जाळली. इ.स.पू. ४४७ मध्ये अथेना देवीचं हे देऊळ, म्हणजे पार्थेनॉन, बांधायला घेतलं. वास्तुकार इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस, शिल्पांवर देखरेख फिडियसची. नऊ वर्षांत देवी आत बसलीसुद्धा! आपल्याकडे तेवढ्यात रीडेव्हलपमेंटच्या सह्या होत नाहीत.

दगड पेंटेलिकॉन डोंगरातला संगमरवर. चुना नाही, मसाला नाही. आपल्या हेमाडपंती देवळांसारखी कोरडी जोडणी. शेजारशेजारच्या दगडांत खाच पाडायची, दोघांना धरणारी लोखंडी पट्टी बसवायची आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं. ग्यानबाची मेख त्या शिशात आहे. लोखंडाला हवापाणी लागत नाही, आणि शिसं मऊ असल्यामुळे भूकंपाचा हिसकाही थोडाफार पचतो.

पुढे त्याचं चर्च झालं, मग मशीद. १६८७ मध्ये तुर्कांनी आत तोफांची दारू साठवली होती, तिच्यावर व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. उरलेल्या शिल्पांपैकी बरीचशी एल्गिन नावाच्या इंग्रज वकिलातीतल्या लॉर्डने लंडनला नेली. ती परत द्यावीत का, यावर अजून भांडण चालू आहे, आणि माझं मत तुला ठाऊक आहे.

खरी मौज पुढेच. १८९८ पासून बालानोस नावाच्या इंजिनीयरने पडलेले दगड पुन्हा उभे केले. लोखंड भरपूर वापरलं, पण शिशाचं कवच न देता. लोखंड गंजलं, फुगलं आणि संगमरवर आतून तडकला. आपल्याकडे स्लॅबचा पोपडा सुटून सळई डोकावते, तिथेही हेच झालेलं असतं. चोवीसशे वर्षांपूर्वीचं लोखंड जिथे शिशात राहिलं तिथे शाबूत, आणि या दुरुस्तीला काही दशकांतच दुरुस्ती लागली!

१९७५ मध्ये ग्रीक सरकारने समिती नेमली. तेव्हापासून ते गंजकं लोखंड काढून न गंजणारं टायटॅनियम घालताहेत. शिवाय बालानोसने बरेच दगड भलत्याच जागी बसवले होते, तेही शोधून मूळ जागी नेताहेत. तिथे एकाच्या जागी दुसरा खपत नाही, कारण त्या देवळात सरळ रेघ जवळजवळ नाहीच. लांब बाजूचा चौथरा मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटर उचललेला आहे, खांब किंचित आत कललेले आहेत, कोपऱ्यातले जरा जाड आहेत. म्हणजे प्रत्येक दगडाचा उतार वेगळा, तो हातानेच काढायचा. अशा कामाला घाई चालत नाही, म्हणून परांची इतकी वर्षं हलत नाही.

उद्या सकाळी गर्दी व्हायच्या आत पुन्हा जा. दोरीच्या अलीकडूनच, पण कोपऱ्याशी वाकून पायरीच्या कडेवरून लांबवर नजर टाक. मधला फुगवटा दिसेल. मग खांबांकडे बघ. जुना दगड मधाळ रंगाचा झालाय, त्यात मध्येमध्ये नव्या संगमरवराचे पांढरे तुकडे आहेत. तोही त्याच डोंगरातला. जुन्या दगडाची मोडकी कड तशीच ठेवून नवा तुकडा तिच्या आकाराचा घडवलाय. त्या जोडाचा झूम करून फोटो पाठव, मला सांधा बघायचाय.

तुझा,
बाबा